गजराबाईंचा लाकडी हात

गजराबाई भोंडव्यांना मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. स्वातंत्र्य येऊन चारपाच वर्षं झाली होती. चिंचवड स्टेशनाजवळच्या मुलींच्या शाळेत नोकरीवर रुजू व्हायला मी वाईहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आले होते आणि पायरीवर बसून होते. शिपाई म्हणाला, "मोठ्या बाई यायच्यात अजून. फाटक उघडलं की येतील." रेल्वेच्या फाटकाचा आणि हेडमास्तरीणबाईंचा काय संबंध, हे मी विचारणार तेवढ्यात फाटकाकडून असा खडखडाट उठला की मी ट्रंक उचलून वरच्या पायरीवर गेले. धुळीतून एक हिरवी जीप बाहेर आली. तिच्यात मुलीच मुली. कोण कुणाच्या मांडीवर आहे ते कळत नव्हतं, आणि सगळ्या मिळून एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या. स्टिअरिंगच्या चाकामागे पांढऱ्या लुगड्यातली, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. तिच्या शेजारी फेटा बांधलेला एक माणूस डोळे मिटून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो पाढा म्हणत नव्हता, हे मला नंतर कळलं. तो जेजुरीच्या खंडोबाला हाका मारत होता.

जीप पायरीपाशी थांबली. बाईंनी दोरीला बांधलेला एक लाकडी पाट खाली सोडला, त्यावर आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, मग जमिनीवर उतरल्या आणि पाट पुन्हा वर ओढून घेतला. मी नमस्कार केला. त्यांनीही केला, पण त्यांचे तळवे एकमेकांना टेकले नाहीत. बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी, सांध्यांवर गाठी. मी बघतच राहिले.

"तू वाईची कुसुम," त्या म्हणाल्या. "हात बघून झालं असलं तर ट्रंक आत ठेव. पाचवीचा वर्ग तुझ्याकडं."

गजराबाईंना संधिवात होता. तिशी उलटल्यावर सुरू झालेला, मग बोटं, मनगटं, गुडघे, खांदे आणि शेवटी मान असा एकेक मुलूख काबीज करत गेलेला. पण हे मला इतरांकडून कळलं. त्या स्वतः दुखण्याबद्दल बोलायच्या ते घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं. उजव्या गुडघ्याचं नाव वन्सं आणि डाव्याचं जाऊबाई. "आज वन्सं रुसल्यात, जाऊबाईंचं बरं चाललंय," असं सकाळी म्हणाल्या की समजायचं, आज पायऱ्या चढायच्या नाहीत, पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसवायचा. खांद्यांना मात्र नाव नव्हतं. "त्यांनी कधीच संबंध तोडला," असं म्हणायच्या.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. वर्गात गणित अडलेल्या मुलीला, शिवणाच्या तासाला सुई टोचलेल्या मुलीला, आणि पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीनं रडणाऱ्या मला त्या तेच म्हणाल्या. "दुखतंय ते दुखू दे. चालतंय का तेवढं बघ." हे सांगताना आवाजात माया वगैरे काही नसायची. पण मग अर्ध्या तासानं चहा यायचा.

त्यांच्या बोलीसुद्धा दोन होत्या. वर्गाचा उंबरा ओलांडला की शुद्ध पुस्तकी, ‘आहे’ आणि ‘नाही’. बाहेर पाऊल टाकलं की ‘हाय’ आणि ‘न्हाई’. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांशी त्या उंबऱ्यावर उभ्या राहून बोलल्या, तेव्हा एकाच वाक्यात दोन्ही आले आणि मला हसू आवरेना. साहेब गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दात दिसलं तुझं," एवढंच म्हणाल्या.

आता जीपचं सांगते, कारण जीपशिवाय गजराबाई सांगताच येणार नाहीत.

त्या रावेतच्या. तरुणपणी नवरा गेला, माहेरी परत आल्या, आणि वडिलांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मुलीला पुण्याला ट्रेनिंगला घातलं. शिकून आल्या आणि या शाळेत लागल्या. त्या काळी रावेत-वाल्हेकरवाडीकडच्या मुली चौथीनंतर घरी बसायच्या. चौथीपर्यंत गावात शाळा, पुढची शाळा इकडे रेल्वेच्या पलीकडे, मध्ये शेतं, ओढा, फाटक. बाप म्हणायचे, "पोरीच्या जातीला येकलं कसं धाडायचं?" गजराबाई म्हणाल्या, "येकलं कशाला, माझ्यासंगं धाडा." आणि त्या रोज सकाळी मुलींची रांग घेऊन चालत निघायच्या. पुढे बाई, मागे मुली, वाटेत पाढे. कितीतरी वर्षं अशी गेली. त्या रांगेमुळे तिकडच्या कितीतरी मुली सातवी पास झाल्या.

मग गुडघे गेले. एक दिवस ओढ्याच्या काठावर त्या बसल्या त्या उठेचनात. मुलींनी हाताला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी रांग निघाली नाही. बाई नाहीत म्हटल्यावर कुणी मुलीला धाडेना. महिन्याभरात त्यातल्या दोघींची लग्नं ठरली. त्या काय वयाच्या होत्या ते सांगत नाही, तुमच्या जिवाला लागेल.

गजराबाईंच्या जिवाला लागलंच. त्यांचा धाकटा भाऊ धोंडिबा, तोच तो फेटेवाला, लढाईत मिलिटरीचे ट्रक हाकून आला होता. देहूरोडच्या डेपोत लढाईनंतर जुन्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा त्याने हौसेनं एक जीप उचलली होती. कांदे वाहीन म्हणाला. पण तिला पेट्रोल इतकं लागायचं की बैलच बरे, असं त्याचं मत झालं आणि जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

"धोंडू," गजराबाई एक दिवस खाटेवरून म्हणाल्या, "कोंबड्या हाकल. मला ही शिकीव."

"आक्का, तुला भाकरी थापता येत न्हाई."

"भाकरी थापायला सांगितली का मी तुला?"

हा संवाद मला धोंडिबाने किती तरी वेळा सांगितला. प्रत्येक वेळी शेवटी तो कपाळाला हात लावायचा. "तवाच न्हाई म्हनायला पायजे व्हतं."

शिकवणं एकीकडे आणि गाडीला बाईंजोगतं करणं दुसरीकडे. बोटं मिटत नव्हती, तर चाकाला काथ्याची दोरी इतकी जाड गुंडाळली की ते न मिटता धरता यावं. गिअरचा दांडा धरवत नव्हता, तर धोंडिबाने त्यावर जुन्या नांगराचं रुमणं ठोकून बसवलं. नांगर हाकणारा रुमणं बोटांनी धरत नाही, तळव्याने दाबतो. बाई शेतकऱ्याच्या पोटच्या, त्यांना ते लगेच जमलं. गुडघा वाकत नव्हता, तर ब्रेकच्या पट्टीवर बाभळीचा ठोकळा बसवला आणि पाठीमागे आडवी फळी. पाठ फळीला रेटायची आणि सगळं अंग पुढे ढकलायचं, चिखलात रुतलेली बैलगाडी रेटतात तसं. हॉर्न रबरी फुग्याचा, तो कोपराने दाबायचा. आणि सकाळच्या थंडीत मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली गरम वीट, हाताला आलटून पालटून शेक द्यायला. मी पहिल्यांदा शेजारी बसले तेव्हा वीट माझ्या मांडीवर आली. फाटकापर्यंत मला घाम फुटला होता. विटेनं किती आणि भीतीनं किती, ते सांगता येणार नाही.

मान वळत नव्हती. मागचं कसं दिसणार? काचेच्या चौकटीला एक छोटा आरसा तारेने बांधला होता. पितळी कडांचा, फणी-कुंकवाच्या फणेरपेटीतला. लग्नात मिळालेली फणेरपेटी नवरा गेल्यावर त्यांच्या आईने माळ्यावर टाकली होती. गजराबाईंनी ती खाली काढायला लावली आणि आरसा सोडवून घेतला. "पंचवीस वर्सं तोंड बघितलं न्हाई यात," त्या मला एकदा म्हणाल्या. "आता रोज पोरींची बघते."  आणि त्यांनी कोपराने हॉर्न वाजवला, कारण पुढे म्हैस आली होती.

तर मी आले तेव्हा असं चाललं होतं. बाई चालवायच्या आणि धोंडिबा लायसनवाला म्हणून शेजारी डोळे मिटून बसायचा. मुलींची रांग आता जीपमध्ये होती. सगळ्यांत पुढे, बाई आणि धोंडिबा यांच्यामध्ये, तुळसा नावाची सहावीतली मुलगी. चुणचुणीत, काळीसावळी, पाढ्यांची सुरुवात करणारी. तिचा बाप गावचा मोठा बागाईतदार आणि तिच्या लग्नाची घाई त्यालाच सगळ्यांत जास्त. "बाई नेत्यात तवर धाडतो," असं त्याने चारचौघांत बोलून ठेवलं होतं.

पण धोंडिबाला शेत होतं. ज्वारी हुरड्याला आली की पाखरं राखायला माणूस हवा. आणि आमचे चेअरमन, माणूस भला पण वाऱ्याला घाबरणारा, त्यांच्या कानावर कुणीतरी काहीतरी घातलं. ते शाळेत आले, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या हातांची ही अवस्था. मुलींना उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. संक्रांतीपर्यंत तुमच्या नावाचं लायसन दाखवा. नाहीतर ही गाडी शाळेच्या आवारात नको."

"आणि पोरी?"

चेअरमननी टोपी पुन्हा काढली. 

दसऱ्यानंतर आम्ही पुण्याला परीक्षेला गेलो. बाई, धोंडिबा आणि धीर द्यायला मी, म्हणजे धीर कुणी कुणाला दिला ते सोडा. इन्स्पेक्टर सडपातळ, शांत बोलणारे, डोक्यावर खाकी हॅट. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. रुमण्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी डाव्या हाताची आहे. तुम्ही डावीकडे बसणार, उजवीकडे वळताना मागच्याला कसं कळणार? उजव्या बाजूला इशारा देणारा हात बसवावा लागेल. हा नियम आहे." मग त्यांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. "आणि बाई, मूठ करून दाखवा."

गजराबाईंनी हात पुढे केला. बोटं अर्ध्यात आली आणि थांबली. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली, पण बोटं पुढे सरकेनात.

"ज्या हाताची मूठ होत नाही," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले, "त्या हातात मी एवढ्या मुली कशा देऊ?"

त्यांनी चालवून दाखवा म्हटलंच नाही. परतीच्या वाटेवर दापोडीचा पूल ओलांडला. बाई म्हणाल्या, "धोंडू, मानूस बरोबर बोलला." मला इतका राग आला होता की मी म्हणाले, बरोबर कसला, त्याने गाडी हलवूसुद्धा दिली नाही. "कुसुम," त्या म्हणाल्या, "त्याला काय ठावं मी कशी थांबवते? त्यानं हात बघितला. तू पण पयल्या दिवशी तेच बघितलं व्हतंस." 

लगेच ज्वारीची राखण सुरू झाली, धोंडिबा शेतात अडकला आणि जीप घरी राहिली. रावेतकडच्या मुलींच्या जागा रिकाम्या पडल्या. बाई कांद्याच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाडीत एकटीपुरती जागा करून यायच्या. आठवड्याभराने निरोप आला की तुळसाला बघायला मंडळी येऊन गेली आणि पुढच्या लगनसराईत उरकायचं चाललंय. त्या दिवशी दुपारी बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. समोर रेल्वेचा सिग्नल दिसायचा. लांब खांब, त्यावर तांबडा हात. आडवा असला की गाडीने थांबायचं, खाली पडला की गाडीने जायचं. मी पाचवीला नद्या शिकवत होते. मध्येच हाक आली.

"कुसुम, इकडं ये. त्या खांबाला खांदा हाय का?"

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. "नाही," मी म्हणाले.

"तरी दिसभर हात वर करतोय."

आणि त्या हसल्या. त्या पुण्याहून आल्यापासून हसल्या नव्हत्या. मी पाचवीच्या नद्या तशाच टाकून सुताराला बोलवायला शिपायाला पिटाळलं. गोदावरी नंतरही वाहणार होती.

सुताराने हात केला. जीपच्या उजव्या बाजूला चौकटीवर एक खुंटी, खुंटीवर सागवानी पट्टी, तिला सुतळी, सुतळी कप्पीवरून डावीकडे, आणि टोकाला एक कडं, बाईंच्या डाव्या कोपरात अडकवलेलं. कोपर मागे ओढलं की हात आडवा, सोडलं की खाली. कोपर त्यांचं सगळ्यांत शाबूत अंग होतं. सुताराला रंग कुठला द्यायचा ते कुणी सांगितलं नाही. त्याने जन्मात एकच असा हात पाहिला होता, म्हणून तांबडा रंग आणि पांढरा पट्टा दिला.

त्यानंतर जे झालं ते आमच्या चिंचवडातच होऊ जाणे. धोंडिबा राखणीतून तासभर सुटून शेजारी बसला त्या पहिल्याच दिवशी, बाई शाळेकडे वळताना हात आडवा झाला, आणि समोरून येणाऱ्या तीन बैलगाड्या जागच्या जागी थांबल्या. मागचा टांगा थांबला. एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन थांबला. या लोकांची हयात फाटकाजवळ गेलेली. तांबडा हात आडवा म्हणजे थांबायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. बाई ऐटीत वळल्या, कोपर सोडलं, हात पडला, आणि सगळी रहदारी पुन्हा सुरू झाली. "सिग्नल पडला," म्हातारा म्हणाला आणि चालू लागला. फाटकवाला दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला. "बाई, माझं फाटक उघडं असताना तुमच्या हातानं लोक थांबत्यात. लोकांनी ऐकायचं कुणाचं?"

गजराबाईंना हे भलतंच आवडलं. मलाही. धोंडिबा मोकळा सापडला की आम्ही काम नसताना उगाच दोनदोनदा वळत होतो.

मुठीचं मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी थांबण्याची तालीम धरली. सुट्टीच्या दिवशी रावेतला मोकळ्या रानात धोंडिबा वाटेवर एक मडकं ठेवायचा. बाई जीप जोरात आणायच्या आणि शेजारी बसून मी माझ्या मनाला येईल तेव्हा "थांबा" म्हणून ओरडायचं. पाठ फळीला, अंग पुढे. पहिल्या रविवारी इतकी मडकी फुटली की कुंभारानं विचारलं, घरात लग्न आहे का. संध्याकाळी वन्सं आणि जाऊबाई दोघी सुजायच्या आणि धोंडिबाची बायको निर्गुडीचा पाला उकळून शेकत बसायची. मी एकदा म्हणाले, बाई, आज पुरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "तुळसाच्या घरी साखरपुड्याचं चाललंय," म्हणाल्या. "ठेव रं धोंडू, दुसरं मडकं." त्या संध्याकाळी जीप मडक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मडक्यावर बसलेला कावळासुद्धा उडाला नाही. मी खाली उतरून नाचले. खरंच नाचले, रानात, पदर खोचून.

संक्रांतीच्या आधी आम्ही पुन्हा पुण्याला निघालो. थंडी अशी की माझे दात वाजत होते. संधिवाताला सकाळ ही वैरीण. बाई केव्हाच्या उठल्या होत्या, शेक घेऊन झाला होता, आणि सांधे सुटावेत म्हणून घराभोवतीच गाडीच्या फेऱ्या मारून झाल्या होत्या. पिंपरीत तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिथले मजूर शेकोटीभोवती उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे बघून कोपराने हॉर्न वाजवला, त्यांनी हात हलवले. कासारवाडी मागे पडली. माझ्या मांडीवर वीट होती.

या खेपेला इन्स्पेक्टर शेजारी बसले. मी आणि धोंडिबा मागे. "चला," ते म्हणाले. बाईंनी रुमण्यावर तळवा टेकला, गाडी निघाली. सरळ रस्ता छान झाला. मग ते म्हणाले, "उजवीकडे."

कोपर मागे गेलं, तांबडा हात दिमाखात आडवा झाला. आणि बाई वळल्या, चिंचवडात वळायच्या तशा, आता सगळं जग थांबणार या खात्रीने.

पुणं थांबलं नाही. पुण्यातले सायकलवाले तेव्हाही कुणासाठी थांबत नसत. पांढरं धोतर, काळा कोट, हँडलला छत्री अडकवलेले एक गृहस्थ सरळ आमच्या पुढ्यात आले. मी डोळे मिटले. धोंडिबाने "येळकोट" एवढंच म्हटलं. फळीचा करकर आवाज झाला आणि जीप अशी थांबली की साहेबांची हॅट उडून रस्त्यावर गेली. मी डोळे उघडले. पुढच्या चाकात आणि सायकलीत वीतभर अंतर होतं. मडक्याइतकंच.

गृहस्थांनी सायकल टेकवली, उतरले, आणि शांतपणे म्हणाले, "हे जे आडवं केलंत, ते काय आहे? वाळत घालायला काही आणलंय का?" मग हॅट उचलून साहेबांना दिली आणि गेले.

साहेबांनी हॅट झटकली. 

"बाई, वळण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाही."

"न्हाई पाहिलं," गजराबाई म्हणाल्या. "चूक माझी. आमच्याकडं हा हात आडवा झाला की समदे थांबत्यात. आगगाडी येतीय असं वाटतं त्यांना. मला ती सवय लागली."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मग पुण्यात काय करणार?"

"हात आडवा करीन. आणि कुणी थांबणार न्हाई असं धरून वळीन."

"तेच इतरांनी शिकायला हवं," साहेब स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "पुन्हा घ्या. तीच वळणं. मी सांगेन तेव्हा थांबवायची."

त्यांनी किती वेळा थांबवायला लावलं ते मी मोजलं नाही. बोहरी आळीच्या गर्दीतून नेलं, चढावर थांबवलं, उतारावर थांबवलं. दर वेळी फळी करकरायची आणि बाईंचा जबडा आवळायचा. दुखत होतं. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. पण गाडी दर वेळी सांगितल्या जागी उभी राहायची. शेवटी साहेब खाली उतरले, पलीकडून फिरून आले, आणि त्यांनी स्वतःचा तळवा रुमण्यावर ठेवून दाबून पाहिला, बोटं न मिटता.

"मूठ लागत नाही," ते म्हणाले.

"न्हाई लागत, साहेब."

लायसन मिळालं. फक्त याच गाडीसाठी, आणि फक्त दिवसा. "दुसरी कुठलीही गाडी चालवायची नाही," साहेबांनी बजावलं. "दुसरी कुणाला पायजे?" बाई म्हणाल्या.

परत येताना कासारवाडीपाशी धोंडिबाने "आक्का, थांबव" म्हटलं. गाडी थांबली. तो उतरला, फेटा सारखा केला.

"का रं?"

"आता माझं काय काम? पाखरं ज्वारी खात्यात तिकडं." आणि मागून येणाऱ्या बैलगाडीत चढून बसला. जाताना मात्र डोळे पुसत होता. मी त्याच्या जागी पुढे जाऊन बसले. बाई गाणं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एकोणतीसचा पाढा सुरू केला. मीही सुरात सूर मिळवला. चिंचवडच्या फाटकापर्यंत आम्ही दोघी हेडमास्तरीण आणि सहाय्यक शिक्षिका बेभान होऊन पाढे ओरडत होतो.

शाळेकडे न वळता जीप सरळ रावेतला तुळसाच्या दारात गेली. बाई उतरल्या नाहीत. कोपर हॉर्नवर ठेवलं आणि बाप बाहेर येईपर्यंत काढलं नाही.

"मिळालं व्हय?" तो म्हणाला.

"मिळालं. पोरगी दे."

तो दारात उभा राहिला, गाडीकडे पाहिलं, तांबड्या हाताकडे पाहिलं. आतून तुळसा दप्तर घेऊन पळत आली, अंगावर बघायला मंडळी आली तेव्हा घेतलेलं लुगडं. बापाने तिला अडवलं नाही. ती चढली, पाट वर ओढून घेतला आणि विचारलं, "बाई, कितीचा पाढा?"

मी तिथे सात-आठ वर्षं राहिले. मग लग्न झालं, मिरजेला जायचं ठरलं. गजराबाईंचं दुखणं तोवर मनगटांतून पार वर चढलं होतं. विटा आता दोन लागायच्या. माझ्या जागी ट्रेनिंग करून आलेली नवी बाई लागली, तिचं नाव तुळसा. निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं, स्टेशनवर याल ना? "न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. "शाळेची येळ. आणि निरोपाला हात हलवावा लागतो, तो माझ्याच्यानं हलत न्हाई." मला वाईट वाटलं. मी ते दाखवलं नाही, पण रात्री रडले.

सकाळी गाडी स्टेशनातून हलली. मी खिडकीशी होते. फाटक आलं. फाटक बंद होतं, आणि त्याच्या पलीकडे सगळ्यांत पुढे ती हिरवी जीप. तिच्यात मुली मांडीवर मांडी, पुढे तुळसा, चाकामागे पांढरं लुगडं. बाईंची मान वळत नव्हती, त्या सरळ समोर बघत होत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

त्यांचं कोपर मागे गेलं. तांबडा हात वर आला आणि आडवा झाला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. कोपराला किती कळ लागत असेल, हे मला माहीत होतं. मागच्या बैलगाड्या थांबलेल्याच होत्या. डबा पुढे सरकत गेला, मी मान वळवून बघत राहिले, तो हात बराच वेळ दिसत राहिला. वळणावर आमचा डबा तिरका झाला, तेव्हा शेवटचं दिसलं. हात खाली पडला. फाटक उघडलं, आणि जीप मुलींना घेऊन शाळेकडे निघाली.